दोन माद्यांची ‘पक्की जोडी’: बजरीगरमधील नर-मादी ओळखणे आणि घरच्या पिंजऱ्यातील पैदास

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. आठ महिन्यांपूर्वी एका दुकानातून ‘लव्हबर्डची पक्की जोडी’ म्हणून दोन पक्षी घेतले. त्यांतील फिकट निळसर नाकाचा हिरवा पक्षी नर आणि तपकिरी नाकाचा, लाल डोळ्यांचा पिवळा पक्षी मादी, असे दुकानदाराने सांगितले. मडके बांधल्यावर नऊ अंडी झाली आणि त्यांतली काही तर एकाच दिवशी दोन-दोन अशी आली. दोन्ही पक्षी अंड्यांवर बसतात, परंतु शेवटचे अंडे घातल्याला चोवीस दिवस होऊनही एकही पिल्लू निघालेले नाही आणि आता हिरव्याचे नाकही तपकिरी पडले आहे. हा काही आजार आहे का, आणि पिल्ले हवी असतील तर काय करावे?

हिरव्याला आजार झालेला नाही. तो मुळात ‘तो’ नाही, एवढेच. तुमचे ‘लव्हबर्ड’ खरे तर बजरीगर आहेत आणि त्या दोन्ही माद्या आहेत. बजरीगरची मादी साधारणपणे एक दिवसाआड एक अंडे घालते. एका अंड्याचे कवच तयार होऊन ते बाहेर पडेपर्यंत पुढचे अंडे मार्गाला लागत नाही, त्यामुळे एकाच दिवशी दोन अंडी दिसली की घालणाऱ्या दोघी आहेत हे नक्की समजावे. जवळ नर नसला तरी दोन माद्या एकमेकींशी जोडी जमवतात, एकमेकींना भरवतात, एकाच मडक्यात अंडी घालतात आणि मोठ्या निष्ठेने ती उबवतातही. ती अंडी अर्थातच रिकामी असतात.

पुढे जाण्यापूर्वी नावाचा घोळ मिटवलेला बरा. आपल्याकडे बाजारात ज्याला सर्रास ‘लव्हबर्ड’ म्हणतात तो बहुतेक वेळा बजरीगर, म्हणजेच बजी असतो. तो ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला पक्षी आहे, तर खरा लव्हबर्ड आफ्रिकेतला असून त्याची चोच आणि अंग जाड व शेपूट आखूड असते. हा केवळ शब्दांचा वाद नाही, कारण एकाचा सल्ला दुसऱ्याला लावला की काम बिघडते. लव्हबर्डची मादी सालपटे, काड्या आणून घरटे रचते. बजरीगरच्या मादीला मात्र घरट्यासाठी काहीच लागत नाही आणि हौसेने ठेवलेला काथ्या ती दुसऱ्या दिवशी बाहेर फेकून देते. लव्हबर्डच्या बहुतेक जातींत नर आणि मादी डोळ्यांना सारखेच दिसतात. बजरीगरमध्ये ते ओळखता येतात, पण त्यासाठी पाहण्याचा क्रम बरोबर असावा लागतो.

चोचीच्या मुळाशी, जिथे नाकपुड्या असतात, तिथे एक मांसल पट्टा असतो. सोयीसाठी त्याला आपण नाकपट्टी म्हणू. ‘निळी नाकपट्टी म्हणजे नर, तपकिरी म्हणजे मादी’ हा दुकानातला नियम अर्धा खरा आहे आणि अर्ध्या खऱ्या नियमानेच अशा जोड्या विकल्या जातात. नाकपट्टीचा रंग वाचण्याआधी दोन गोष्टी ठरवाव्या लागतात: पक्ष्याचे वय किती, आणि तो कोणत्या रंगप्रकाराचा आहे.

वय कपाळावरून आणि डोळ्यांवरून कळते. पिल्लाच्या कपाळावर काळ्या बारीक आडव्या रेघा थेट नाकपट्टीपर्यंत उतरलेल्या असतात. तीन ते चार महिन्यांच्या सुमारास पहिली पिसे झडतात, तेव्हा त्या रेघा मागे जातात आणि कपाळ स्वच्छ पिवळे किंवा पांढरे होते. पिल्लाचा डोळा संपूर्ण काळा, काळ्या मण्यासारखा दिसतो. साधारण चौथ्या महिन्यानंतर बाहुलीभोवती फिकट कडे उमटू लागते आणि आठव्या महिन्यापर्यंत ते स्पष्ट पांढरे होते. याला अपवाद आहेत. रिसेसिव्ह पाइड या चट्ट्यापट्ट्यांच्या प्रकारात हे पांढरे कडे आयुष्यभर येत नाही, म्हणून असा म्हातारा पक्षीसुद्धा ‘कोवळा’ म्हणून खपवता येतो. लुटिनो म्हणजे लाल डोळ्यांच्या पिवळ्या पक्ष्याच्या कपाळावर रेघा दिसतच नाहीत, पण मोठेपणी त्याच्या डोळ्यात कडे येते, त्यामुळे त्याचे वय डोळ्यावरूनच पाहावे.

आता नाकपट्टी. साध्या हिरव्या किंवा निळ्या पक्ष्यांमध्ये वयात आलेल्या नराची नाकपट्टी गुळगुळीत आणि एकसारखी गडद निळी असते, आणि नाकपुडीच्या कडेपर्यंत तोच रंग असतो. मादीची नाकपट्टी एका रंगाची नसते, ती ऋतूप्रमाणे बदलते. अंड्यांचा हंगाम नसताना ती पांढरट, फिकट तांबूस किंवा चक्क फिकट निळी असू शकते. अंड्यांची तयारी सुरू झाली की तपकिरी, जाड आणि खरबरीत होते, आणि हंगाम सरला की वरचा पापुद्रा सुटून खालची फिकट पट्टी पुन्हा दिसते. तुमच्या हिरवीच्या बाबतीत हेच झाले. दुकानात ती बिगरहंगामी फिकट निळी होती, मडके मिळाल्यावर तपकिरी झाली. तेव्हा निळ्या रंगापेक्षा नाकपुडीची कड पाहावी: छिद्राभोवती खडूने रेखल्यासारखे पांढरे वर्तुळ असेल, तर बाकी पट्टी कितीही निळसर असो, ती मादी आहे.

पिल्लांमध्ये तर दुकानातला नियम नेमका उलटा होतो. तीन-चार आठवड्यांच्या नर पिल्लाची नाकपट्टी एकसारखी गुलाबी-जांभळट आणि किंचित फुगीर असते, तर मादी पिल्लाची फिकट निळसर-पांढरी असून तिच्या नाकपुड्यांभोवती पांढरी वर्तुळे असतात. म्हणजे या वयात ‘निळी’ दिसते ती मुलगी आणि गुलाबी दिसतो तो मुलगा. कोवळा पक्षी घेताना बहुतेक लोक फसतात ते इथेच. मी पिल्ले साधारण पंचविसाव्या दिवशी, सकाळी नऊ-दहाच्या सुमारास खिडकीशी पांढऱ्या कापडावर ठेवून पाहतो. एकेकटे पिल्लू पाहून सांगणे अवघड जाते, पण चार-पाच भावंडे शेजारी-शेजारी बसवली की गुलाबी नाके आणि वर्तुळवाली नाके आपोआप दोन गटांत पडतात. पिवळ्या बल्बच्या उजेडात किंवा फ्लॅश मारून काढलेल्या छायाचित्रावरून निकाल देऊ नये. मी स्वतः तसा दिला आहे आणि चुकलो आहे.

रंगप्रकाराचे अपवाद पाठ करून ठेवावेत असे आहेत. लुटिनो, अल्बिनो (लाल डोळ्यांचा पांढराशुभ्र प्रकार) आणि रिसेसिव्ह पाइड यांच्या नरांची नाकपट्टी मोठेपणीही निळी होत नाही, ती जन्मभर गुलाबी-जांभळट राहते. त्यामुळे ‘निळी नाही, म्हणजे मादी’ असे म्हणून लुटिनो नर मादी म्हणून विकला जातो. या प्रकारांत प्रौढ पक्षीच घ्यावा आणि पट्टी सपाट, गुळगुळीत, एकसारखी गुलाबी-जांभळट आहे की पांढरट-तपकिरी व वर्तुळवाली आहे हे पाहावे.

रंग एकदा पक्का झाला म्हणजे तो कायमचा, असेही नाही. माझ्याकडे सहा वर्षांचा एक निळा नर होता, त्याने अनेक पिल्ले वाढवली होती. एका हिवाळ्यात त्याची नाकपट्टी कडेपासून फिकी पडू लागली आणि दोन महिन्यांत तपकिरी झाली. म्हातारपणी रंग उतरत असेल असे समजून मी दुर्लक्ष केले. पुढे तो एका पायाने लंगडू लागला तेव्हा पशुवैद्याकडे नेले. नराच्या वृषणात गाठ झाली की तिच्यातून मादीचे संप्रेरक स्रवू शकते, त्याने नाकपट्टी तपकिरी होते, आणि गाठ वाढून पायाच्या नसेवर दाबली की पक्षी लंगडतो, हे त्यांनी समजावून सांगितले. तोपर्यंत उशीर झाला होता. म्हणून ज्याचे नरपण सिद्ध झालेले आहे, अशा पक्ष्याची निळी पट्टी तपकिरी होऊ लागली, तर तो रंगाचा विषय न राहता वैद्याचा विषय होतो. दुसरी फसवी गोष्ट म्हणजे खवल्या किडीचा संसर्ग. त्यात चोचीच्या कोपऱ्यावर, नाकपट्टीवर आणि पायांवर राखाडी-पांढरट, मधाच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रे असलेली खरपुडी चढते. ती पाहून ‘मादी तयार झाली’ असे समजणारे लोक मी पाहिले आहेत. मादीची हंगामी जाडी फक्त नाकपट्टीवर असते, चोचीवर आणि पायांवर कधीच नसते. या किडीवर औषध आहे, पण मात्रा पक्ष्याच्या वजनावर ठरते आणि ३०-४० ग्रॅमच्या जिवाला एका थेंबाचाही फरक पडतो, तेव्हा औषध वैद्याच्याच हातून द्यावे.

वागण्यावरूनही अंदाज येतो, परंतु तो दुय्यम पुरावा मानावा. नर सतत पुटपुटल्यासारखे गातो, मान वर-खाली हलवतो, चोचीने दांडी ठोकतो आणि भरात आला की त्याच्या डोळ्याची बाहुली आकसते. मादी कमी गाते, कर्कश व तुटक ओरडते, लाकूड कुरतडते आणि हाताला चावते तेव्हा रक्त काढते. मात्र दोन नर एकत्र ठेवले तर तेही एकमेकांना भरवतात, आणि दोन माद्यांचे काय होते ते तुम्ही पाहिलेच आहे. पोटाखालची ओटीपोटाच्या हाडांची दोन टोके चाचपून मादी ओळखण्याची जुनी पद्धतही आहे. अंडी घालणाऱ्या मादीत त्यांच्यातले अंतर रुंद असते, पण कोवळ्या मादीत नसते, म्हणून मी तिच्यावर विसंबत नाही. निर्विवाद उत्तर हवे असेल तर डीएनए चाचणी करावी. छातीची मुळासकट नुकतीच काढलेली चार-सहा पिसे किंवा रक्ताचा एक थेंब पुरतो. पिंजऱ्याच्या तळाशी गळून पडलेले पीस पाठवू नये, कारण त्याच्या मुळाशी पुरेशा पेशी उरत नाहीत आणि ते नेमके कोणाचे आहे हेही सांगता येत नाही.

नर-मादी ओळखण्याचा याहून सुंदर एक मार्ग आहे आणि तुमच्याकडची हिरवी मादी त्यासाठी उत्तम आहे. सस्तन प्राण्यांत नराकडे दोन वेगळी लिंगगुणसूत्रे असतात. पक्ष्यांत ते उलटे असते. नराकडे दोन झेड आणि मादीकडे एक झेड व एक डब्ल्यू. लुटिनोचा गुण झेडवर बसतो आणि तो सुप्त आहे, म्हणजे जोडीला साधे झेड असले की तो दिसत नाही. मुलीला तिचे एकुलते एक झेड बापाकडून मिळते, मुलाला एक बापाकडून आणि एक आईकडून. म्हणून लुटिनो नर आणि हिरवी मादी अशी जोडी लावली, तर सर्व मुली बापासारख्या लुटिनो होतात आणि सर्व मुलगे हिरवे होऊन लुटिनो गुण आत लपवून ठेवतात. यासाठी पिसे येण्याचीही वाट पाहावी लागत नाही. पिल्लू अंड्यातून बाहेर येते तेव्हा डोळे मिटलेले असतात आणि त्यांवरची कातडी इतकी पातळ असते की आतला रंग दिसतो: हिरव्या पिल्लाच्या मिटल्या डोळ्यांखाली शाईचा डाग असल्यासारखी काळी सावली असते, लुटिनो पिल्लाचे डोळे बाकीच्या अंगासारखेच गुलाबी असतात. गुलाबी डोळे म्हणजे मुलगी. पहिल्याच दिवशी वहीत तसे लिहून ठेवावे.

हेच उलटे लावले, म्हणजे तुमच्या पिवळ्या मादीला साधा हिरवा नर दिला, तर सगळी पिल्ले हिरवी होतील आणि डोळ्यांवरून काही कळणार नाही. सिनॅमन आणि ओपलाइन हे रंगप्रकारही याच रीतीने चालतात. लक्षात घ्यावे की मादीकडे झेड एकच असल्यामुळे तिच्यात असा गुण लपून राहू शकत नाही, असला तर दिसतोच. लपलेला गुण नेहमी नरात असतो. म्हणून ‘हिरव्या जोडीला पिवळे पिल्लू झाले’ की बाप आतून लुटिनोवाला होता आणि ते पिवळे पिल्लू मुलगी आहे, असे समजावे. निळा रंग मात्र वेगळ्या गुणसूत्रावर असून हिरव्यापुढे सुप्त असतो. लुटिनो नर आणि हिरवी मादी या दोघांतही निळा लपलेला असेल तर एखादी मुलगी लुटिनोऐवजी पांढरीशुभ्र अल्बिनो आणि एखादा मुलगा निळा निघू शकतो.

आता पैदाशीकडे. बजरीगर ऑस्ट्रेलियाच्या अशा भागातला आहे, जिथे पाऊस केव्हा पडेल हे ठरलेले नसते. पाऊस पडला, गवताला दाणा धरला आणि झाडाची ढोली सापडली की थवे लगेच अंडी घालायला लागतात. कॅलेंडरचा हंगाम त्यांना माहीत नसतो. आपल्या पिंजऱ्यात दाणा वर्षभर मुबलक असतो, त्यामुळे बांधलेले मडके हाच त्यांच्यासाठी ‘पाऊस पडला’ असा निरोप ठरतो. एकदा तो मिळाला की मादी शरीराची तयारी असो वा नसो, अंडी घालते, आणि मडके काढले नाही तर घालतच राहते. बहुतेक घरांत मडके पक्ष्यांसोबत पहिल्याच दिवशी येते. ते सर्वांत शेवटी यायला हवे.

मादी चार-सहा महिन्यांत अंडी घालण्यास शारीरिकदृष्ट्या समर्थ होते, पण दहा ते बारा महिन्यांपूर्वी तिला मडके देऊ नये आणि चार वर्षांनंतर थांबवावे. नर यापुढेही एक-दोन वर्षे चालतो. घाई केली की काय होते हे मी पहिल्याच वर्षी शिकलो. सात महिन्यांच्या मादीला डिसेंबरात मडके दिले होते. दुसऱ्या अंड्याच्या दिवशी ती पिंजऱ्याच्या तळाशी पिसे फुलवून, डोळे अर्धवट मिटून बसलेली आणि प्रत्येक श्वासाला शेपूट वर-खाली होत असलेली दिसली. अंडे अडले होते. ‘थंडी बाधली असेल’ असे म्हणून मी दुपारपर्यंत वाट पाहिली आणि ती दगावली. अशा मादीला तत्काळ वेगळ्या खोक्यात सुमारे ३० अंश सेल्सियस ऊब द्यावी, शेजारी गरम पाण्याचे भांडे ठेवून हवा दमट करावी आणि त्याच तासाला पक्ष्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याला गाठावे. पोट दाबून अंडे काढण्याचा प्रयत्न कधीही करू नये, आत अंडे फुटले तर पक्षी वाचत नाही.

अंडे अडण्याचे मोठे कारण कॅल्शियमची उणीव असते, म्हणून मडके बांधण्यापूर्वी किमान महिनाभर आहार सुधारावा. नुसते राळे, म्हणजे दुकानातली कांगणी, हे पुरेसे अन्न नव्हे. राळे, बाजरी, वरी आणि कॅनरी बी यांचे मिश्रण असावे; शेवग्याचा पाला, कोथिंबीर आणि मेथी स्वच्छ धुऊन, पाणी निथळून द्यावी; मोड आलेली बाजरी आठवड्यातून दोन-तीन वेळा द्यावी. उकडलेले अंडे कवचासकट कुस्करून दिले तर उत्तम, मात्र आपल्या हवेत ते दोन तासांत उचलावे. समुद्रफेन पिंजऱ्यात कायम टांगलेले असावे. ते माकळ्यासारख्या समुद्री जीवाच्या पाठीतले पांढरे, ठिसूळ हाड असते आणि पाळीव पक्ष्यांच्या दुकानात न मिळाल्यास काष्ठौषधींच्या दुकानात हमखास मिळते. मादी अंड्यांच्या आदल्या आठवड्यात ते कसे अधाशासारखे किसते हे पाहण्यासारखे असते. कॅल्शियम अंगी लागायला ड जीवनसत्त्व लागते, तेव्हा सकाळचे कोवळे ऊन अर्धा तास तरी मिळावे, पिंजऱ्याचा निम्मा भाग सावलीत ठेवूनच.

महाराष्ट्रात मी दसऱ्यानंतर मडके बांधतो आणि होळीच्या आधी काढतो. विदर्भ-मराठवाड्याच्या एप्रिल-मेमध्ये पिल्ले मडक्यात भाजून निघतात आणि अंडी आतून सुकतात; कोकणच्या पावसाळ्यात भुशाला बुरशी येते आणि तिचे कण पिल्लांच्या फुप्फुसांत जातात. एका जोडीला दोन फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच पिंजरा पुरतो. दांड्या लाकडी आणि पक्क्या घट्ट बसवाव्यात. हे क्षुल्लक वाटेल, पण जोडी खरी असूनही अंडी रिकामी निघण्याचे एक नेहमीचे कारण हलती दांडी असते, कारण मादीच्या पाठीवर नराचा तोल राहत नाही.

मडके की लाकडी पेटी, यावर माझे मत पेटीच्या बाजूचे आहे. मडके हवा खेळती ठेवते, तळ गोल असतो आणि ते स्वस्त आहे हे खरे. परंतु त्यात हात जात नाही, आत काय चालले आहे ते दिसत नाही आणि साफ करता येत नाही. साधारण नऊ इंच लांब, सहा इंच रुंद, सहा इंच उंच, सरकत्या झाकणाची आणि दीड-पावणेदोन इंच भोकाची पेटी घ्यावी. तिच्या तळाला वाटीसारखा खळगा हवाच. सपाट तळावर अंडी विखुरतात आणि पिल्लांचे पाय दोन्ही बाजूंना फाकतात. पाय फाकलेले पिल्लू पहिल्या दहा-बारा दिवसांत लक्षात आले तर दोन्ही पायांना मऊ पट्टीचा सैल बंध घालून ते सरळ करता येतात, नंतर हाडे पक्की होतात. तळाला बिनरसायनाच्या लाकडाचा जाडसर भुसा घालावा. मुंग्यांसाठी स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवाव्यात. रात्रीत मुंग्यांनी पिल्ले संपवलेली मी पाहिली आहेत.

अनेक जोड्या एकाच मोठ्या पिंजऱ्यात ठेवणार असाल तर एकही मादी जादा असू नये, पेट्या जोड्यांपेक्षा अधिक असाव्यात आणि सगळ्या एकाच उंचीवर असाव्यात. वरच्या पेटीसाठी माद्या जिवावर उठून भांडतात आणि दुसरीची पिल्लेही मारतात. नर तुलनेने सोशिक असतात.

जोडी जमल्यावर आठ-दहा दिवसांत पहिले अंडे येते. त्याआधी मादीची विष्ठा मोठी व ओलसर होते आणि ती बहुतेक वेळ पेटीत घालवते. एका वेळी चार ते सहा अंडी सामान्य, आठही होतात. मादी बहुधा पहिल्या-दुसऱ्या अंड्यापासून बसते, प्रत्येक अंड्याला सुमारे १८ दिवस लागतात, त्यामुळे पिल्लेही एक दिवसाआड निघतात आणि मोठ्या घरट्यात थोरल्या-धाकट्यांत दहा दिवसांचे अंतर पडते. बसायला लागल्यापासून सातव्या दिवशी, मादी दाणा खायला बाहेर आली असताना, मोबाईलच्या टॉर्चवर अंडे धरून पाहावे. भरलेल्या अंड्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा आणि मध्ये धडधडणारा ठिपका दिसतो. रिकामे अंडे पिवळसर आणि आरपार स्वच्छ दिसते. रिकामी अंडी लगेच काढून टाकू नयेत. ती काढली की मादी भर म्हणून नवी घालते आणि शरीरातले कॅल्शियम उपसते. तिला वीस-एक दिवस बसू द्यावे, ती स्वतःच कंटाळून सोडते.

पिल्लू निघाल्याचे बहुधा आधी ऐकू येते: पेटीला कान लावला की अगदी बारीक, तुटक किर्र आवाज येतो. नवजात पिल्लू दोनेक ग्रॅमचे, उघडे आणि आंधळे असते. मादी त्याला उताणे करून पोटातून आणलेला दुधासारखा रस भरवते, आणि नर बाहेरून मादीला भरवतो. गळ्याखालची अन्नाची पिशवी भरलेली, फिकट पिवळी दिसत असली की सर्व ठीक आहे. दोन-चार तासांत ती रिकामीच दिसली तर धाकट्याला थोरल्यांपासून हलवून सारख्या वयाच्या पिल्लांच्या पेटीत ठेवावे. बजरीगरच्या माद्या बहुधा परके पिल्लू सहज स्वीकारतात. सुमारे दहाव्या दिवशी डोळे उघडतात, तिसऱ्या आठवड्यात पिसांच्या नळ्या फुटतात आणि ३० ते ३५ दिवसांत पिल्लू पेटीबाहेर येते. पुढचा आठवडा-दहा दिवस बाप त्याला भरवतो. या काळात मादी दुसऱ्यांदा अंडी घालण्याच्या तयारीत असते आणि पेटीत परतणाऱ्या पिल्लाला चोचीने रक्तबंबाळ करू शकते, म्हणून नजर ठेवावी. सहाव्या आठवड्यात ते स्वतः दाणे फोडून खाताना सलग दोन-तीन दिवस दिसले, म्हणजे वेगळे करता येते. वर्षाला लागोपाठ दोनच वेळा अंडी घालू द्यावीत, नंतर पेटी काढून, धुऊन, उन्हात वाळवून ठेवावी आणि दिवसाचा उजेड दहा तासांच्या आत आणावा.

पिल्ले मोठी होताना पंखांची व शेपटीची मोठी पिसे गळून ती उडेनाशी झाली, तर तो बहुधा विषाणूचा आजार असतो. अशा घरट्यातली पिल्ले दुसऱ्याला देऊ नयेत, त्या जोडीची पैदास थांबवावी आणि वैद्याकडून चाचणी करून घ्यावी.

तुमच्या दोन पक्ष्यांबाबत माझे सांगणे असे. चोवीस दिवस झालेच आहेत, तेव्हा अंडी आणि मडके आजच काढा. दोघींना एकत्र राहू द्यायला हरकत नाही, पण दोन-तीन महिने मडके देऊ नका आणि समुद्रफेन व पाला सुरू करा. नऊ अंड्यांनंतर दोघींनाही विश्रांती हवी. दरम्यान एक लुटिनो नर शोधा. तो आठ महिन्यांहून मोठा, डोळ्यात पांढरे कडे आलेला आणि नाकपट्टी सपाट, गुलाबी-जांभळट असलेला हवा. शंका वाटली तर पिसांची चाचणी करूनच पैसे द्या. तुम्ही माद्या घेतल्या त्याच दुकानातून त्याच वेळचा पक्षी शक्यतो घेऊ नका, कारण एकाच घरट्यातली भावंडे ‘जोडी’ म्हणून विकण्याची रीत फार आहे. नवा पक्षी तीस दिवस वेगळ्या खोलीत ठेवा. मग तो हिरवीसोबत एका पिंजऱ्यात सोडा आणि पिवळीला दुसरा पिंजरा द्या. त्या दोघींची आता मैत्री झाली आहे, त्यामुळे पिवळीचा पिंजरा हिरवीच्या नजरेआड आणि जमल्यास आवाजाआडही ठेवा, नाहीतर हिरवी नराकडे पाहणार नाही. नर तिला भरवू लागला आणि तिची नाकपट्टी पुन्हा तपकिरी झाली, की पेटी बांधा.

पहिले पिल्लू निघाले की ते हातात न घेता, झाकण सरकवून टॉर्चच्या तिरक्या उजेडात त्याचे मिटलेले डोळे तेवढे पाहा आणि झाकण लावा.